साठ टक्के कशाचे?

गेल्या वर्षी या सदरात आईवडिलांना इकडे बोलावण्याच्या खटाटोपाबद्दल लिहिलं होतं. निमंत्रणपत्र, विमा, बँकेचे कागद, सगळं. तेव्हा अनेकींनी फोन करून माहिती विचारली होती. या वर्षी त्याचाच पुढचा भाग लिहिते आहे. व्हिसा मिळाला, सासूबाई मे महिन्यात एर्लांगनला आल्या, आणि येताना सोबत लोणची, मेतकूट, भाजणी आणि एक जाड प्लॅस्टिकची फाइल घेऊन आल्या. त्या फाइलीत त्यांच्या टूडी एकोचा रिपोर्ट होता. या लेखाचा विषय तो रिपोर्ट.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी आई दोनदा थांबल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी उभं राहून बाहेरच्या झाडाचं कौतुक करू लागल्या. मी म्हटलं, "आई, दम लागला का?" तर म्हणाल्या, "दम कसला, जिनाच आहे तुमचा तसा." नंतर लक्षात आलं, की रोज त्याच खिडकीशी त्याच झाडाचं कौतुक होतं. श्लोसगार्टनमध्ये फिरायला गेलो की त्यांना प्रत्येक बाकावर बसावंसं वाटे. पेंटेकॉस्टच्या सुट्टीत इथली बेर्गची जत्रा भरते, तेव्हा अख्खं गाव टेकडीवर चढतं. आई पायथ्यालाच म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मी मुलांच्या पिशव्या सांभाळते."

आणि आम्ही काय केलं? आम्ही म्हणालो, वय झालं. सहासष्ट म्हणजे काही थोडं नाही. शिवाय हृदय तर तपासलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला त्यांना धाप लागली, तेव्हा टूडी एको झाला होता. त्याचा फोटो दिराने व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "साठ टक्के. एकदम नॉर्मल." आम्ही सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले होते. तेव्हापासून आमच्या घरात आईंचं हृदय ठणठणीत होतं.

जूनमध्ये एका संध्याकाळी त्यांच्या पायावर मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ दिसला. बोटाने दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. तेव्हा मात्र आम्ही हाउसआर्त्स्टकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "या सिगारेट ओढायच्या का?" मी हसले. आईंना मराठीत सांगितलं, तर त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. दुसरा प्रश्न होता, "स्वयंपाक कशावर करायच्या?"

या प्रश्नाचं उत्तर लांबलचक होतं. आईंचं लग्न होऊन त्या पाटण तालुक्यातल्या घरी आल्या तेव्हापासून चूल. सकाळी न्हाणीघरातला बंब, मग चहा, भाकरी, दुपारी पुन्हा भाकरी, गुरांसाठी शिजवायचं ते वेगळं. पावसाळ्यात लाकूड ओलं, आणि स्वयंपाकघराला एक झरोका. गॅस आला तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी कितीतरी वर्षं चुलीवरच होतं, कारण सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचा. सगळं मिळून पस्तीसेक वर्षं. फुंकणीने जाळ फुंकायचा तर तोंड धुराच्या जवळच न्यावं लागतं.

डॉक्टरबाईंनी फुप्फुसाच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. तिथे नळीत जोरात फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री झाली. निदान झालं सीओपीडी. श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या, आत गेलेली हवा पूर्ण बाहेर न येणारी. पासष्टी उलटून गेली तरी ही साधी फुंकण्याची तपासणी आईंची कधीच झाली नव्हती.

आईंची गोष्ट अपवादात्मक नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये कधीच धूम्रपान न केलेल्यांच्या सीओपीडीवर एक लेख लिहिला होता. जगात तंबाखू ओढणारे सुमारे एक अब्ज, पण लाकूड, गोवऱ्या, पाचट यांचा धूर घरात घेणारे सुमारे तीन अब्ज, असा हिशोब त्यात मांडला होता. तरीही सीओपीडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विडी ओढणारे आजोबाच येतात. शेजारी चुलीपुढे बसलेली आजी येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. फुप्फुसतज्ज्ञांनी पायाची सूज पाहून पुन्हा एको करायला सांगितला. मी फाइल पुढे केली. "एको झालाय, साठ टक्के आहे." हृदयतज्ज्ञ डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे असतील. त्यांनी रिपोर्ट शांतपणे वाचला आणि मला विचारलं, "साठ टक्के कशाचे?"

मी एम.ए. मराठीची. शाळेत शिकवत होते तेव्हा निकालाच्या दिवसांत टक्केवारी काढण्याचं काम सगळ्याच बाईंच्या वाट्याला यायचं, तेवढाच माझा गणिताशी संबंध. पण मुलांना आम्ही हेच बजावायचो, की टक्के लिहिलेत, पण कितीपैकी ते लिहा. आणि इथे मी दोन वर्षं एका टक्केवारीवर निर्धास्त होते, कितीपैकी ते न विचारता.

त्यांनी कागदावर समजावून सांगितलं ते मी तसंच इथे मांडते. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरतो आणि आकुंचन पावून ते शरीरात ढकलतो. भरलेल्या रक्तापैकी किती भाग बाहेर ढकलला, ते म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, रिपोर्टवर 'एलव्हीईएफ' लिहिलेलं असतं ते. समजा, कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त भरलं आणि ७२ बाहेर गेलं, तर ६० टक्के. आता समजा कप्पा नीट भरलाच नाही, ८० मिलिलिटरच भरलं आणि ४८ बाहेर गेलं. तेही ६० टक्केच. पहिल्या हृदयाचे मिनिटाला ७० ठोके पडले तर पाच लिटर रक्त शरीरात जाईल. दुसऱ्याचे तेवढेच ठोके पडले तर जेमतेम साडेतीन लिटरच्या आत. पाच लिटरची गरज भागवायला त्याला १०५ ठोके टाकावे लागतील. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, पण आईंना जिन्यात धडधडायचं ते का, याचा मला पहिल्यांदाच उलगडा झाला. दोन्ही हृदयांच्या रिपोर्टवर मात्र 'साठ टक्के, नॉर्मल' असंच लिहून येईल.

कप्पा भरत का नाही? कारण छातीचा पिंजरा एकच आहे आणि फुप्फुसं व हृदय त्यात एकत्र राहतात. सीओपीडीत हवा आत अडकून फुप्फुसं फुगलेली राहतात. दोन्ही बाजूंनी फुगलेल्या उशांमध्ये हृदय दाबलं जातं, आणि परत येणारं रक्तही नीट आत येत नाही. हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. इथे जर्मनीतच, हानोफरला, सीओपीडीच्या ६२ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. श्वासनलिका सैल करणारी दोन औषधं एकत्र असलेला पंप त्यांना चौदा दिवस दिला, आणि चौदा दिवस औषध नसलेला तसाच दिसणारा पंप. हृदयाची मापं एमआरआयवर घेतली. हृदयाचं कुठलंच औषध दिलं नव्हतं. तरी पंपाने फुप्फुसातली अडकलेली हवा कमी झाली आणि डावा कप्पा आधीपेक्षा जास्त भरू लागला. मारबुर्गहून चालवल्या गेलेल्या 'कोसीकोनेट' या मोठ्या जर्मन अभ्यासात २०१० पासून २७०० हून अधिक सीओपीडी रुग्णांची फुप्फुसं आणि हृदय, दोन्हींची पाहणी केली गेली. तिथेही एकोवर हेच दिसलं, की फुप्फुस जितकं फुगलेलं, तितकं डाव्या कप्प्याचं भरणं बिघडलेलं.

मग आईंचा एको सुरू झाला. दुभाषी मीच. डाव्या कुशीवर वळा, डावा हात डोक्याखाली घ्या. डॉक्टर म्हणत, "आउसआटमेन," मी म्हणे, "आई, श्वास सोडा." ते म्हणत, "लुफ्ट आनहाल्टन," मी म्हणे, "आता धरून ठेवा." आई तीन सेकंद धरत आणि खोकत. डॉक्टरांनी फासळ्यांच्या मधून यंत्राचा दांडा फिरवून पाहिला, वर घेतला, खाली घेतला. पडद्यावर करड्या धुक्याशिवाय काही नाही. मी घाबरले. ते म्हणाले, "हृदय तिथेच आहे, पण मध्ये हवा आहे."

ध्वनीच्या या लहरी पाण्यातून, मांसातून छान जातात, पण हवेशी गाठ पडली की जवळपास सगळ्या परत फिरतात. आपण एकोला गेलो की छातीवर तो गार चिकट जेल लावतात तो याचसाठी, दांडा आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ पापुद्राही राहू नये म्हणून. पापुद्र्याने एवढं अडतं, तर हृदयापुढे फुगून आलेल्या फुप्फुसाने किती अडेल! ज्या आजारात हृदयाकडे नीट पाहायला हवं, नेमका तोच आजार पाहण्याच्या वाटेत उभा राहतो.

घरी येऊन मी साताऱ्याचा जुना रिपोर्ट पुन्हा काढला. खालून दुसऱ्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'पुअर एको विंडो'. म्हणजे खिडकी चांगली मिळाली नाही, दिसलं ते अर्धवट. तिथल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. त्यांना विचारलेला प्रश्नही वेगळा होता. धाप लागली, हार्ट अ‍ॅटॅक तर नाही ना? त्याचं उत्तर त्यांनी बरोबर दिलं होतं. आम्ही त्या उत्तरातून आमच्या सोयीचा एक आकडा उचलला आणि बाकीचा कागद फाइलीत घातला.

इथल्या डॉक्टरांनी मग आईंना पाठीवर झोपवलं, गुडघे दुमडायला सांगितले आणि दांडा फासळ्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या टोकाशी ठेवून वर रोखला. फुगलेल्या फुप्फुसांमुळे हृदय थोडं खाली आणि उभं सरकलेलं असतं, म्हणून अशा रुग्णांत ही खालची खिडकी बरेचदा कामी येते. आणि खरंच, धुकं सरलं. उघडझाप करणारं हृदय दिसलं. आईंनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाल्या, "कोंबडीच्या पिल्लासारखं धडपडतंय की गं."

डॉक्टर आता उजव्या बाजूकडे पाहत होते. आपण हृदय म्हणतो तेव्हा मनात डावी बाजूच असते. ती अख्ख्या शरीराला रक्त पुरवते, तिचा दाब १२० च्या आसपास. उजवी बाजू फक्त शेजारच्या फुप्फुसांत रक्त पाठवते. तिथे २०-२५ चा दाब पुरतो, म्हणून तिची भिंतही पातळ. पण सीओपीडीत फुप्फुसाच्या ज्या भागात प्राणवायू पोहोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आखडतात. १९४६ साली ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. थोड्या भागापुरतं हे शहाणपणाचं आहे, जिथे हवा नाही तिथे रक्त कशाला पाठवा? पण प्राणवायू सगळीकडेच कमी पडू लागला की सगळ्याच वाहिन्या आखडतात, दाब वाढतो आणि पातळ भिंतीचा उजवा कप्पा थकत जातो. मागे रक्त तुंबतं, आणि ते पायावर सूज होऊन दिसतं. पायांना सूज यायची इतरही कारणं असतात, मूत्रपिंड, यकृत, काही रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा. म्हणून तर तपासायचं.

फुप्फुसांतला हा दाब एकोवर थेट मोजता येत नाही, त्याचा अंदाज काढतात. उजव्या बाजूच्या झडपेतून थोडंसं रक्त उलटं झिरपतं, बहुतेक माणसांत झिरपतंच, त्याचा वेग डॉपलरने मोजतात. वेगाचा वर्ग करायचा, त्याला चारने गुणायचं, आणि उजव्या वरच्या कप्प्यातला अंदाजे दाब मिळवायचा. वेग सेकंदाला ३ मीटर आला तर चार गुणिले नऊ, ३६, अधिक ५, म्हणजे ४१. तोच वेग चुकून साडेतीन मोजला गेला तर ४९ अधिक ५, म्हणजे ५४. वर्ग करायचा असल्यामुळे वेगातली अर्ध्या मीटरची चूक दाबात तेराने वाढते.

आईंच्या रिपोर्टवर या दाबाच्या जागी आकडा नव्हता. मी म्हटलं, "आकडा नाही म्हणजे दाब नाही ना?" डॉक्टरांनी मान हलवली. "आकडा नाही म्हणजे मला मोजता आला नाही. तुमच्या सासूबाईंच्या झडपेतून मोजण्याजोगी धारच दिसली नाही." ते वाक्य त्यांनी रिपोर्टवर लिहिलं आणि खाली रेघ मारली.

याबद्दल अमेरिकेतला एक जुना अभ्यास या विषयात अजूनही सांगितला जातो. फुप्फुस बदलण्यासाठी तपासल्या जात असलेल्या, फुप्फुसांचा गंभीर आजार असलेल्या ३७४ रुग्णांचा तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. एकोवर दाबाचा अंदाज काढता आला तो फक्त ४४ टक्के रुग्णांत. आणि ज्यांच्यात काढता आला, त्यांच्यातही निम्म्याहून थोड्या जास्त वेळा तो प्रत्यक्ष मोजलेल्या दाबापेक्षा दहा अंकांहून अधिक चुकलेला निघाला. म्हणजे 'दाब वाढलाय' वाचून लगेच हबकायचं नाही आणि 'दाब नॉर्मल' वाचून लगेच निर्धास्तही व्हायचं नाही. प्रत्यक्ष दाब मोजायचा तर शिरेतून बारीक नळी उजव्या हृदयापर्यंत न्यावी लागते. ही नळी १९२९ साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डमध्ये वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हातातून स्वतःच्या हृदयात घातली होती. त्याबद्दल पुढे १९५६ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. आईंना अशी नळी घालायची का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता नको, कारण आकडा काहीही आला तरी सध्याचे उपचार तेच राहतील. हे उत्तर मला आवडलं.

आकडा नसला तरी खुणा होत्या. उजवा कप्पा थोडा मोठा. आकुंचनाच्या वेळी त्याच्या झडपेचं कडं किती सरकतं ते मोजतात, ते किमान १७ मिलिमीटर असावं, आईंचं १६. पोटातून हृदयाकडे येणारी मोठी नीला थोडी फुगलेली. डावा कप्पा लहान, पण टक्केवारी पुन्हा साठच्या घरातली! उजव्या हृदयावर ताण आहे, अजून फार नाही, असा निष्कर्ष.

या निष्कर्षाने काय बदललं? एक तर प्राणवायू. फुप्फुसतज्ज्ञांकडे आईंच्या कानाच्या पाळीला गरम वाटणारं मलम चोळून तिथून रक्ताचा थेंब घेतला आणि त्यातला प्राणवायू मोजला. त्याचा दाब ५५ किंवा त्याहून कमी असेल तर घरी रोज निदान पंधरा-सोळा तास प्राणवायू लावायला सांगतात. पण उजव्या हृदयावर ताण असेल तर ही मर्यादा ६० पर्यंत वर येते. आईंचा आला ६२. म्हणजे काठावर. एको झालाच नसता तर ६२ हा आकडा बराच लांबचा वाटला असता. आता तो लांबचा नाही, तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचा आहे, हे आम्हाला कळलं.

दुसरा बदल, पंप. आपल्याकडे पंप लागला म्हणजे शेवट जवळ आला, अशी एक समजूत आहे. आईंचीही होती. "सवय लागते म्हणे," त्या म्हणाल्या. मी त्यांना हानोफरचा अभ्यास माझ्या मराठीत सांगितला. उशा जरा सैल झाल्या की मधल्याला बसायला जागा होते, असं. त्या म्हणाल्या, "म्हणजे एसटीत तिघांच्या सीटवर चौघं बसल्यावर एक उतरला की होतं तसं." याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं. पंप घेण्याची रीत मात्र शिकावी लागली. सगळा श्वास सोडा, मग ओढा, मग धरा. पहिला आठवडा अर्धं औषध जिभेवरच पडत होतं.

तिसरा बदल विमानाचा. उडत्या विमानाच्या आत सुमारे २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावी इतकी विरळ हवा असू शकते. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे, म्हणजे बघा. काठावरच्या फुप्फुसाला तिथे प्राणवायू कमी पडतो, वाहिन्या आखडतात आणि उजव्या हृदयावर ताण येतो. म्हणून परतीच्या प्रवासात प्राणवायूची सोय करावी लागली. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र लागतं आणि विमान कंपनीला आधी कळवावं लागतं. प्रत्येकीचे नियम वेगळे, तिकीट काढण्यापूर्वीच विचारावेत. आणि हो, पाहुण्यांच्या विम्यात जुनं दुखणं सहसा बसत नाही. आमचाही बसला नाही. खर्च आम्ही केला. इकडे येण्याआधी तिकडेच स्पायरोमेट्री करून घेतली असती तर बराच वाचला असता.

जाण्याआधी एका रविवारी आईंना मी सीमेन्सचं वैद्यकीय संग्रहालय दाखवायला नेलं. आम्ही राहतो त्या गावाचा आणि या एकोचा जुना संबंध आहे, हे मला या निमित्ताने वाचताना कळलं. स्वीडनमधल्या लुंड शहरात इंगे एडलर या हृदयतज्ज्ञांना छाती न उघडता हृदयाची झडप पाहायची होती. त्यांना हेल्मुट हेर्ट्स हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ भेटला. माल्म्योच्या जहाज कारखान्यात पोलादातल्या भेगा शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत, ते त्यांनी आधी वापरून पाहिलं. मग एर्लांगनच्या सीमेन्सने एक यंत्र उसनं दिलं. हेल्मुटचे वडील, नोबेलविजेते गुस्टाव्ह हेर्ट्स, एकेकाळी सीमेन्सच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, ती ओळख उपयोगी पडली. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी त्या यंत्रावर हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद झाली. आईंना मी म्हटलं, "तुमचं हृदय पाहायचं यंत्र मूळचं आमच्याच गावचं." त्या बाकावर बसून म्हणाल्या, "गाव चांगलं आहे, फक्त जिने कमी करा."

सप्टेंबरमध्ये आई साताऱ्याला परत गेल्या. पायांची सूज उतरली आहे. पहिला मजला आता न थांबता चढतात, दुसऱ्याला थांबतात, आणि आता झाडाचं निमित्त न सांगता थांबतात. बंब काढून टाकला, सोलर बसवला. आजार बरा होणार नाही, तो सांभाळायचा आहे, हे आम्हाला आणि त्यांनाही माहीत आहे.

माझ्या मनाला लागलं ते वेगळंच. दोन वर्षं आम्ही रोज व्हिडिओ कॉलवर बोलत होतो. त्यात त्या नेहमी बसलेल्या दिसायच्या. बसलेल्या माणसाला धाप लागत नाही. वाक्य मध्येच तोडून त्या फोन दिराकडे द्यायच्या, आणि आम्हाला वाटायचं, नेटवर्क गेलं.

या दिवाळीत तुम्ही घरी फोन कराल तेव्हा आई, सासूबाई, मावशी, काकू, जी कोणी आयुष्यभर चुलीपुढे बसली असेल, तिला "बरी आहेस ना?" एवढंच विचारू नका. "बाजारातून पिशवी घेऊन येताना किती वेळा थांबतेस?" असं विचारा. "गेल्या दिवाळीत किती वेळा थांबायचीस?" हेही विचारा. फुंकण्याची तपासणी झाली आहे का, ते विचारा. एको झाला असेल तर टक्क्यांपुरता फोटो नको, सगळी पानं मागवा. खिडकी कशी मिळाली, उजव्या बाजूबद्दल काय लिहिलंय, दाब मोजला की मोजता आला नाही, एवढ्या तीन ओळी शोधा, आणि त्या घेऊन तिच्या डॉक्टरांशी बोला.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला कॉल लागेल तेव्हा मी आईंना फोन हातात घेऊन अंगणातल्या तुळशीपर्यंत चालत जायला सांगणार आहे. पणती दाखवा म्हणून. चालताना त्या बोलतात कशा, ते मला ऐकायचं आहे.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.